निर्दोष, पण मोकळा नाही

वेडा आणि गुन्हेगार ही दोन नावे आपल्या समाजव्यवस्थेने अशा माणसांसाठी राखून ठेवली आहेत, की ज्यांच्याविषयी पुन्हा विचार करण्याची गरज कुणाला वाटू नये. एकदा नाव ठेवले की काम संपले. वेड्याचे बोलणे ऐकायचे नसते आणि गुन्हेगाराचे बोलणे खरे मानायचे नसते. ही दोन्ही नावे एकाच माणसाच्या वाट्याला आली, आणि तो माणूस गावकुसाबाहेरचा, भूमिहीन, अक्षरशत्रू ठेवला गेलेला असला, तर त्याचे पुढे काय होते हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आपल्या चळवळीने जमिनीचा, पाणवठ्याचा, नोकरीचा, अत्याचाराचा विचार केला. पोलीस कोठडीचाही केला. मनोरुग्णालयातल्या बंदिस्त कक्षाचा विचार मात्र आपल्या पत्रकांतून आणि ठरावांतून क्वचितच आढळतो. याचे कारण उघड आहे. तिथला माणूस मोर्चात येत नाही, मतदान करीत नाही, आणि त्याचे नातेवाईकही त्याचे नाव घेत नाहीत.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबीचा. लोणार तालुक्यातले हे गाव; जुन्या मुंबई-नागपूर रस्त्याच्या कडेचे. आता जवळूनच समृद्धी महामार्गही गेला आहे. आमच्या भागात कुणाच्या डोक्यावर परिणाम झाला तर ‘आजारी पडला’ असे कुणी म्हणत नाही. ‘बाहेरचं झालं’, ‘वारं लागलं’, ‘कुणीतरी केलं’ असे म्हणतात. मग गावचा भगत, मग शेजारगावचा भगत, मग सैलानी. पिंपळगाव सराई येथील सैलानीबाबांचा दर्गा आमच्याच जिल्ह्यातला. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून व बाहेरूनही लोक आपली ‘बाधा झालेली’ माणसे घेऊन येतात. शिकलेले लोक या गर्दीकडे पाहून नाक मुरडतात. मला त्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो: या माणसांनी जायचे कुठे? दर्ग्यात जात विचारीत नाहीत. केसपेपर काढावा लागत नाही. रुग्णाबरोबर अख्खे कुटुंब झाडाखाली चूल मांडून राहू शकते. सरकारी मनोरुग्णालय म्हणाल तर आमच्या विदर्भाला ते नागपूरला, म्हणजे बीबीपासून तीनशे किलोमीटरांहून दूर. रोजंदारी बुडवून, दोन माणसांनी धरून, एस.टी. बदलत तिथवर जाणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच माहीत.

पण म्हणून साखळीचे समर्थन करता येणार नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली माणसे पळू शकली नाहीत. अठ्ठावीस जणांचा बळी गेला. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. त्याआधी, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधून मारहाण करणे हा गुन्हा ठरवला. कायदे आहेत. त्यांच्या आणि चुलीजवळच्या खांबाला बांधलेल्या माणसाच्या मध्ये जे अंतर आहे, ते या तीनशे किलोमीटरांचेच आहे. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८पासून ‘दवा आणि दुवा’ असा एक प्रयोग झाला. दुवा मागायला आलेल्यांना तिथेच मनोविकारतज्ज्ञ आणि औषध मिळू लागले. माणूस जिथे जातो तिथे दवाखाना गेला. इतकी साधी गोष्ट.

उपचार न मिळालेल्या आजाराची परिणती काही थोड्या वेळा गुन्ह्यात होते. ‘थोड्या वेळा’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो. मनोरुग्ण म्हणजे हिंसक हा समज खोटा आहे. मारणाऱ्यापेक्षा मार खाणारा म्हणूनच तो अधिक वेळा सापडतो. ज्या गंभीर आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, आपल्यावर कुणी विषप्रयोग करीत आहे अशी खात्री वाटू लागते, त्या आजारातही बहुसंख्य रुग्ण कुणावर हात उगारीत नाहीत. जे काही थोडे भयंकर प्रसंग घडतात, त्यांतला मोठा हिस्सा पहिला उपचार मिळण्यापूर्वी घडतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. बंगलोरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, निरनिराळ्या मानसिक आजारांत शंभरातल्या सत्तरांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ही दोन विधाने शेजारी ठेवून वाचावीत. गुन्हा घडल्यावर समाज ज्याला राक्षस म्हणतो, त्याला गुन्ह्यापूर्वी त्याच समाजाने रुग्ण मानलेले नव्हते.

काही वर्षांपूर्वी पंचक्रोशीतल्या एका गावी मी एका आईला भेटलो. तिचा मुलगा ऊसतोडीवरून परतला तो न झोपणारा, न जेवणारा झाला होता. चार महिने अंगारे-धुपारे झाले. एके दिवशी त्याने शेजाऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला. शेजारी वाचला, मुलगा आत गेला. ती मला म्हणाली, ‘‘त्यानं मारलं, हे मी नाही म्हनत नाही, भाऊ. पन तवा तो तो नव्हता.’’ कायद्याच्या पुस्तकांत जी गोष्ट दीडशे वर्षे चघळली जात आहे, ती या निरक्षर बाईने एका वाक्यात सांगितली होती.

कायदा काय म्हणतो ते आता पाहू. भारतीय दंडसंहितेच्या कलम ८४चा आशय १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२मध्ये आला आहे. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे आपण काय करीत आहोत हे, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे समजण्यास जो असमर्थ होता, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. याचे मूळ इंग्लंडात आहे. १८४३ साली डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या एका स्कॉटिश लाकूडकाम करणाऱ्याने पंतप्रधान पील यांच्या सचिवाला गोळी घातली. सत्ताधारी पक्ष आपल्या पाठीस लागला आहे अशी त्याची पक्की समजूत होती. तो निर्दोष सुटला, त्यावर गदारोळ उठला, आणि न्यायाधीशांनी जे नियम घालून दिले ते मेकॉलेच्या दंडसंहितेतून आपल्याकडे आले. तेव्हापासून आजतागायत कायद्याची कसोटी ‘समज’ ही आहे. आवाज ऐकू येणे, झोप नसणे, औषधाची चिठ्ठी असणे यांपैकी एकटी कोणतीही गोष्ट पुरेशी होत नाही. त्या क्षणी समज होती की नव्हती, एवढेच न्यायालय विचारते.

येथे दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत नेहमी होते, कार्यकर्त्यांकडून आणि कधीकधी वकिलांकडूनही. पहिला प्रश्न कृत्याच्या वेळचा: तेव्हा तो भानावर होता काय? दुसरा प्रश्न खटल्याच्या वेळचा: आज तो स्वतःचा बचाव करण्यास समर्थ आहे काय? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तर आरोपी निर्दोष ठरतो. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले तर खटलाच थांबतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची ३६७ ते ३७८ ही कलमे (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची ३२८ ते ३३९) या सगळ्यासाठी आहेत. आरोपीची डॉक्टरांकडून तपासणी होते. तो बचावास असमर्थ आढळला तर न्यायालय कागद पाहते आणि त्याच्या वकिलाचे म्हणणे ऐकते. प्रथमदर्शनी पुरावाच नसेल तर त्याला सोडून देता येते. ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. पुरावा असेल तर कामकाज तहकूब होते. मग त्याला नातेवाईक वा मित्राच्या हमीवर बाहेर राहून उपचार घेऊ द्यावेत, नाहीतर जिथे नियमित मनोविकार-उपचार मिळतील अशा ठिकाणी ताब्यात ठेवावे, असे कायदा सांगतो.

तहकुबी किती दिवसांची? कायद्यात उत्तर आहे: तो बरा होईपर्यंत. व्यवहारातले उत्तर कुणाला तरी त्याची आठवण होईपर्यंत, असे आहे. बिहारातल्या हजारीबाग तुरुंगातले वेडे ठरवलेले बंदी बरे होऊनही वीस-वीस, तीस-तीस वर्षे आतच राहिले होते. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत एक पत्र गेले तेव्हा ते बाहेर आले. त्याच बिहारात १९६८ साली निर्दोष सुटलेला रुदुल साह पुढे चौदा वर्षे तुरुंगात होता. सरकारने सांगितले, तो वेडा होता. १९८३ साली न्यायालयाने त्याला पस्तीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. आसामातली घटना याहून दारुण आहे. तिवा या आदिवासी जमातीतल्या एका तरुणाला १९५१ साली अटक झाली. तेजपूरच्या मनोरुग्णालयाने १९६७ साली तो बरा असल्याचे कळवले. त्याला घरी न पाठवता गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवले गेले. २००५ साली एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो सुटला तेव्हा चोपन्न वर्षे झाली होती, आणि त्याला स्वतःची भाषाही नीट आठवत नव्हती. बिहार-आसामची ही उदाहरणे पाहून महाराष्ट्र पुरोगामी असल्याचा डांगोरा कुणी पिटू नये. कागदाच्या ढिगाखाली माणूस पुरला जाण्यासाठी विशिष्ट प्रांत लागत नाही. त्यासाठी एवढेच लागते, की त्याच्या वतीने विचारणारा कुणी नसावा.

शीला बर्से या मुंबईच्या पत्रकर्तीचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांनाही तुरुंगात डांबून ठेवले जाते, हे त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे आणले. १९९३ साली न्यायालयाने अशी बंदी बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सेहेचाळीस वर्षे ही गोष्ट न्यायालयाने सांगावी लागावी अशी स्थिती होती.

आता निर्दोष ठरण्याच्या वाटेकडे वळू. वेडाचा बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. १९६४ साली गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती काहीशी हलकी केली: त्याने संशयातीत सिद्ध करण्याची गरज नाही, संभाव्यता त्याच्या बाजूने झुकली तरी पुरे, आणि घटनेच्या आधीची, वेळची व नंतरची परिस्थिती पाहावी. महाराष्ट्रातला एक खटला या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. १९९४ साली एका पोलीस शिपायाने आपल्या पत्नीच्या डोक्यात वरवंट्यासारखा दगड घालून तिला ठार केले. दिवसाढवळ्या, लपण्या-पळण्याचा प्रयत्न न करता. खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला कलम ८४चा लाभ दिला. घटनेपूर्वीपासून त्याच्यावर संशयग्रस्त स्वरूपाच्या छिन्नमनस्कतेसाठी उपचार चालू होते. वडिलांनाही मानसिक आजार होता. अटकेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा उपचारासाठी न्यावे लागले होते. हे सगळे कागदावर होते. मारली गेलेली बाई या निकालपत्रात एका वाक्यापुरती येते, हेही लक्षात ठेवावे. वेडाची पहिली झळ बहुतेक वेळा घरातल्या बाईला लागते, आणि तिचे रक्षण करणारा उपचार वेळेवर पोचला नाही याबद्दल खटला कुणावरच होत नाही.

निकाल न्याय्य होता असे माझे मत आहे. पण माझा मुद्दा वेगळा आहे. तो शिपाई सरकारी नोकर होता, म्हणून त्याचे कागद होते. आमच्या ऊसतोड्याचे कागद कुठले? भगताच्या अंगाऱ्याची पावती मिळत नाही. दर्ग्यात काढलेल्या चाळीस दिवसांचा दाखला मिळत नाही. ज्याच्या आजाराची नोंद समाजाने ठेवली नाही, त्याला न्यायालयात तू आजारी होतास हे सिद्ध कर, असे सांगितले जाते. कायदा सर्वांना सारखा आहे. फक्त पुरावा सवर्ण आहे, सुस्थित आहे, शहरात राहतो. म्हणून कार्यकर्त्यांनी घटना कळताच पहिल्या आठवड्यात एक काम करावे: शेजाऱ्यांचे, मुकादमाचे, शाळामास्तरांचे, आशाताईचे, नेऊन आणणाऱ्या रिक्षावाल्याचे म्हणणे तारखांसह लिहून घ्यावे. केव्हापासून झोपत नव्हता, काय बडबडत होता, कुठे नेले होते, घटनेनंतर पळाला की तिथेच बसून राहिला. वर्षभराने साक्षी फिरतात आणि आठवणी बुजतात. तुरुंगात शिरताना होणाऱ्या वैद्यकीय तपासणीची नोंदही वकिलाने मागवून घ्यावी.

समजा हे सगळे जमले, आणि न्यायालयाने ‘निर्दोष’ म्हटले. आता तो घरी जाईल असे वाचकाला वाटेल. तसे होत नाही. कृत्य घडले पण मनोविकलतेमुळे गुन्हा होत नाही, असा निष्कर्ष आला की कलम ३७४ लागू होते. न्यायालय एकतर त्याला ‘सुरक्षित ताब्यात’ ठेवण्याचा आदेश देते, नाहीतर नातेवाईक वा मित्राच्या स्वाधीन करते. स्वाधीन करायचे तर त्या नातेवाइकाने अर्ज करावा लागतो आणि समाधानकारक हमी द्यावी लागते: मी याची नीट काळजी घेईन, हा स्वतःला वा इतरांना इजा करणार नाही याची खबरदारी घेईन, सांगाल तेव्हा हजर करीन. शिक्षा झालेला माणूस शिक्षा भोगून सुटतो. त्याच्या सुटकेची तारीख असते. निर्दोष ठरलेल्या वेड्याला तारीख नसते.

आणि हमी म्हटली की सातबारा आला. जामीनदाराच्या ऐपतीचा पुरावा म्हणून कचेरीत सातबारा मागतात. ज्यांच्या तीन पिढ्या गायरान कसत आल्या, त्यांच्या नावाने सातबारा नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह केले, त्यांचा मनोरुग्णाच्या सुटकेशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध हा असा आहे. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याच्या प्रकरणात गरिबाकडे दहा हजारांचा जामीन मागण्यावर आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारण्यावर कठोर टीका केली होती. तो निकाल महाविद्यालयात शिकवला जातो. कोर्टाच्या आवारात मात्र अजून सातबाऱ्याच्याच झेरॉक्स निघतात. त्यातून कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गेलेले असते. रुग्णालयाचे पत्र गावी येते, दाराला कुलूप असते, पत्र परत जाते. शेरा पडतो: नातेवाईक स्वीकारण्यास तयार नाहीत. उपाशी माणसाच्या अनुपस्थितीला नकार म्हणण्याची ही सरकारी भाषा आहे.

२०१७च्या कायद्याच्या कलम १९मध्ये असे म्हटले आहे की, केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही किंवा घर नाही या कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. एका कायद्याने हा हक्क दिला. दुसऱ्या कायद्याने दाराशी हमीदार उभा केला. या दोहोंच्या मधल्या फटीत माणसे अडकून आहेत.

सुरक्षित कोठडीतला उपचार म्हणजे नेमके काय, हेही समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या मनात एकतर सिनेमातला विजेचा झटका असतो नाहीतर तुरुंगाची कोठडी. इंग्लंडात अशा रुग्णांसाठी १८६३ साली ब्रॉडमूर हे वेगळे रुग्णालय निघाले. मॅक्नॉटनलाही अखेर तिथेच हलवले होते. आज तिथे कडक, मध्यम आणि सौम्य बंदोबस्ताची अशी टप्प्याटप्प्याची रुग्णालये आहेत. सुरक्षा तीन प्रकारची मानतात: भिंती आणि कुलपांची, नियम आणि झडत्यांची, आणि तिसरी माणसांच्या नात्याची. परिचारकाला रुग्ण इतका माहीत असावा, की त्याच्या चालण्यावरून त्याची रात्र कशी गेली हे ओळखता यावे. जाणकार सांगतात की या तिसरीवाचून पहिल्या दोन्ही लुळ्या आहेत. उपचारात औषध आहेच; ज्यांना रोजची गोळी जमत नाही त्यांच्यासाठी पंधरा दिवसांनी वा महिन्याने घ्यायचे इंजेक्शन आहे, जे आपल्या मजुराला फार उपयोगी आहे. पण औषधाने आवाज थांबले की खरे काम सुरू होते. आपण काय करून बसलो हे माणसाला तेव्हा कळते. हातून आईचा, बायकोचा, पोराचा जीव गेलेला असतो. ते कळल्यावर जगायचे कसे, हे शिकवणे हा उपचाराचा सगळ्यात अवघड भाग आहे. मग हाताला काम, मग आवारात एकट्याने फिरणे, मग सोबतीने बाहेर, मग काही तासांची सुट्टी. ठरावीक काळाने स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे सुनावणी होते आणि याला अजून आत का ठेवायचे, याचे उत्तर द्यावे लागते.

पण इंग्लंडला आदर्श मानून डोळे झाकण्याचे कारण नाही. तिथे मानसिक आरोग्य कायद्याखाली डांबल्या जाणाऱ्यांत काळ्या माणसांचे प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट आहे. ऑक्टोबर १९९८मध्ये नॉर्विच येथील मध्यम बंदोबस्ताच्या रुग्णालयात डेव्हिड बेनेट या जमैकात जन्मलेल्या अडतीस वर्षांच्या रुग्णाला दुसऱ्या एका रुग्णाने वंशावरून शिवीगाळ केली. भांडणानंतर कक्ष बदलावा लागला तो बेनेटला. चिडलेल्या त्याला परिचारकांनी जमिनीवर पालथा दाबून धरले, वीस मिनिटांहून अधिक काळ, आणि तो मेला. चौकशी समितीच्या अहवालाने संस्थेतच मुरलेल्या वर्णद्वेषावर बोट ठेवले. १९७२ साली ज्यांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेला नाव घेतले, त्या परंपरेच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. उंच, अंगाने दांडगा, काळा माणूस रागावला की तो ‘धोकादायक’. गोरा रागावला की तो ‘अस्वस्थ’. धोका मोजण्याची पट्टी कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न बीबीतही विचारायचा आहे. सरपंचाच्या मुलाने दारू पिऊन धिंगाणा घातला तर ते तारुण्य असते.

आपल्याकडे ब्रॉडमूरसारखी स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली नाही. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. चौघांच्या मंजूर खाटा मिळून ५,६९५. चारही इंग्रजी अमदानीतली. न्यायालयाने पाठवलेले रुग्ण यांतच येतात, इतरांपासून वेगळ्या, बंद कक्षात. एरव्ही ‘येरवड्याला पाठवा’ या वाक्प्रचाराचा अर्थ मराठी माणूस कधी तुरुंग असा लावतो, कधी वेड्यांचे इस्पितळ असा. एका गावाच्या नावात दोन्ही अर्थ मावले, यातच आपल्या समाजाची दृष्टी दिसते. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०३ने राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मनोरुग्ण बंद्यांसाठी उपचारकेंद्र उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. त्याच कलमात आणखी एक चमत्कारिक तरतूद आहे. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला असे प्रमाणपत्र पाठवायचे, की आपल्या तुरुंगात मनोरुग्ण नाहीत. हेतू चांगला आहे: रुग्ण असला तर तो उपचाराच्या जागी हलवला गेला पाहिजे. पण ‘नाही’ म्हणून लिहून देणे हे कामच झाले, की शोधणार कोण? जगभरच्या तुरुंगांतील पाहण्या सांगतात की दर शंभर बंद्यांत तीन-चार जणांना गंभीर, भान हरपणारा आजार असतो आणि दहाच्या आसपास लोक तीव्र नैराश्याने ग्रासलेले असतात.

या तुरुंगांत कोण आहे? अनुसूचित जातींचे लोक २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येत १६.६ टक्के, बंद्यांत दर पाचांमागे एकाहून अधिक. २०२२च्या आकडेवारीत देशातील चारपैकी तीन बंदी कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही असे. १८७१च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्या पारधी-कैकाडी बांधवांवरून तो शिक्का १९५२ साली कागदोपत्री उठला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुकन्या शांता या पत्रकर्तीच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंग-नियमावल्यांतील जातवार कामवाटप रद्द करावे लागले: झाडलोट अमुक जातीने करावी, स्वयंपाक अमुक जातीने. जी तुरुंगव्यवस्था २०२४पर्यंत झाडू कुणाच्या हाती द्यायचा हे जातीवरून ठरवीत होती, तिच्यातला पहारेकरी एखाद्या गप्प बसलेल्या मांग वा पारधी बंद्याकडे पाहून ‘हा आजारी आहे’ म्हणेल की ‘हा माजला आहे’ म्हणेल?

महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात १२ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. दोन मुलींवरील अत्याचार आणि त्यांची हत्या या गुन्ह्यासाठी फाशी झालेला बंदी अनेक वर्षे फाशीच्या छायेत काढताना गंभीर आजारी झाला होता. न्यायालयाने त्याचे नाव निकालात गुप्त ठेवले, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार हे फाशी टाळण्याचे कारण होऊ शकते असे सांगितले, आणि त्याला मरेपर्यंत कारावास देऊन उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली. मृत मुलींच्या घरी हा निकाल कसा वाचला गेला असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहात नाही. तरीही ज्याला आपल्याला का मारले जात आहे हेच कळत नाही, त्याला मारून कोणता न्याय होतो, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

कार्यकर्त्यांना एक हत्यार कायद्यानेच दिले आहे आणि ते गंजत पडले आहे. वर सांगितलेल्या कलमांत ‘नातेवाईक’ या शब्दाच्या पुढे ‘किंवा मित्र’ असे शब्द आहेत. मित्र कोण हे कायद्याने ठरवलेले नाही. तालुक्यातला एखादा शिक्षक, संघटनेचा पदाधिकारी, बुद्धविहार समितीचा सदस्य असा अर्ज करू शकतो. अर्जात तीन गोष्टी ठोस असाव्यात: रुग्ण कुणाच्या घरी राहील, औषध किंवा इंजेक्शन कुठल्या सरकारी रुग्णालयात कोणत्या वारी मिळेल, आणि तो बिघडू लागला तर कोण, कुठे नेईल. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, आणि कोठडीत वा मनोरुग्णालयात असलेल्या कुणालाही, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२प्रमाणे मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करायचा. पुनर्विलोकन मंडळावर रुग्ण, त्यांचे काळजीवाहक किंवा स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी दोन जागा आहेत. त्यांवर आपली माणसे असावीत. आणि घरात कुणी तीन रात्री झोपला नसेल, भिंतीशी बोलत असेल, तर गुन्हा घडण्याची वाट न पाहता १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून विचारता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर जवळच्या रुग्णालयात कोणत्या दिवशी येतात ते तिथून किंवा आशाताईकडून समजून घ्यावे, आणि पहिल्या भेटीचा केसपेपर जपून ठेवावा.